सिंगापूर ते धामणगाव: परतीच्या अठ्ठावीस तासांना माझे गुण

सिंगापूरला जाऊन आलेल्यांनी सेंटोसा, मर्लायन आणि रात्रीच्या रोषणाईबद्दल पोटभर लिहून ठेवलं आहे. तिथून घरी कसं परतलो, हे मात्र कुणी लिहीत नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या जाऊबाईंना सोबत घेऊन निघायच्या आधी मी नेमकं तेच शोधत होते आणि मला काही सापडलं नाही. म्हणून सहलीचं राहू द्या, मी फक्त परतीबद्दल लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, २०१९ साली निवृत्त झाले. आमचं गाव धामणगाव रेल्वेहून अंजनसिंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जाऊबाईंना मी बाई म्हणते, त्या मला मास्तरीन म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य वावरात गेलं. कौंडण्यपूर, शेगाव, पंढरपूर एवढाच त्यांचा प्रवास. दोन्ही गुडघे गेलेले. माझ्या निवृत्तीच्या पैशातून कुठंतरी लांब जायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, बाईंना घेऊनच जाईन. लग्न होऊन आले तेव्हा माझी डीएडची पुस्तकं त्यांनीच सासूबाईंच्या नजरेआड जपून ठेवली होती. ते मी विसरलेले नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिले पाच दिवस त्यांनी चांगले सांभाळले. जेवण वेळेवर, गाडी दारात, हॉटेल स्वच्छ. त्या दिवसांना मी दहापैकी आठ देते. पण सहाव्या दिवसापुढे त्यांच्या छापील कागदावर दोनच शब्द होते, ‘परतीचा प्रवास’. त्या दोन शब्दांत काय काय असतं हे आधी कळलं असतं, तर मी आणखी चार प्रश्न विचारले असते.

सकाळी सातला हॉटेल सोडलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. न्याहारीचा हॉल सातलाच उघडतो, म्हणून प्रत्येकाच्या हातात एक सफरचंद आणि रसाचा डबा दिला. बाईंना रक्तदाबाची गोळी रिकाम्या पोटी चालत नाही. घरून नेलेल्या दशम्या चौथ्या दिवशीच संपल्या होत्या. शेवटी माझ्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चिक्कीवर भागवलं. एक गोष्ट मात्र बाईंची मानली. सहाही दिवस त्यांनी मनगटावरचं घड्याळ बदलू दिलं नाही. ‘माह्या गोळ्या आपल्या टाइमानं चालतात, याइच्या टाइमानं नाई,’ म्हणाल्या. त्यामुळे परतीच्या दिवशी गोळ्यांचा घोळ झाला नाही.

चांगी विमानतळावर काउंटरपाशी खरी अडचण आली. बाईंसाठी व्हीलचेअर हवी हे मी पैसे भरतानाच सांगितलं होतं, आणि जाताना मुंबईला ती मिळालीही. परतीच्या तिकिटावर मात्र त्याची नोंदच नव्हती. कंपनीनं एकाच बाजूचं कळवलं होतं. सोबतचा सहलप्रमुख मागून येणाऱ्या दुसऱ्या गटासाठी तिथंच थांबणार होता. आम्हाला रांगेत लावून तो निघून गेला होता. फोन केला तर म्हणाला, विमानतळाचं विमानतळवाले बघतात. बाई बॅगेवर टेकून उभ्या, चेहरा उतरलेला, आणि तरी म्हणतात कशा, ‘कायले तरास देतं त्याइले? चालतो मी हळूहळू.’ चांगीत विमानाच्या फाटकापर्यंत किती चालावं लागतं हे मला जाताना कळलेलं होतं. मी जागची हलले नाही.

काउंटरवरच्या मुलीला माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तिनं दोन प्रश्न विचारले: पायऱ्या चढतात का, आणि आसनापर्यंत स्वतः चालत जातील का? हे प्रश्न का विचारतात ते आता माहीत झालं आहे. व्हीलचेअरच्या मागणीचे तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या जमतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत, पण विमानाच्या आत जागेपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेवर नेऊन बसवावं लागतं. बाई मधल्या प्रकारात. ज्यांच्या घरी गुडघेदुखीचं माणूस आहे त्यांनी हा कोड जातानाच्या आणि येतानाच्या, दोन्ही तिकिटांवर आहे का ते विमान कंपनीला स्वतः फोन करून विचारावं. सहल कंपनीच्या ‘झालं, झालं’वर राहू नये. निदान दोन दिवस आधी विचारावं. आमची नोंद नसतानाही त्या मुलीनं वीस मिनिटांत सोय केली. तिला दहापैकी दहा.

आणि खुर्ची घेऊन जी बाई आली, तिच्यासाठी माझ्याकडे गुणच नाहीत. साठीच्या आसपासची, चिनी चेहऱ्याची, अंगानं किरकोळ. तिनं बाईंना बसवलं, पाय ठेवायची पाटी खाली केली, आणि मग ढकलायला सुरुवात करायच्या आधी ती खाली बसली. बाई नऊवारी लुगड्यात होत्या. एका बाजूचा काठ चाकाकडे लोंबत होता. तिनं तो काठ दोन बोटांनी उचलला, घडी घालून बाईंच्या मांडीखाली सरकवला, दुसऱ्या बाजूनं हात फिरवून पाहिलं, तोही आत घेतला. तिनं जन्मात लुगडं हाताळलं नसेल. मी रोज बाईंसोबत असून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी फाटकापर्यंत बाई तिच्याशी बोलत होत्या आणि ती मान डोलावत होती. निघताना बाईंनी चिक्कीचे दोन तुकडे कागदात बांधून तिच्यापुढे धरले. तिनं ते दोन्ही हातांनी घेतले.

सुरक्षा तपासणीत बाईंची तेलाची बाटली गेली. गुडघ्याला चोळायचं तेल, बाटली दोनशे मिलीची, आत तळाशी चार चमचे उरलेलं. पण नियम बाटलीच्या मापाला आहे, आत किती उरलं याला नाही. शंभर मिलीच्या वरची बाटली हातातल्या पिशवीतून जाऊ देत नाहीत. मी ती मोठ्या बॅगेत टाकायला हवी होती, चूक माझी. पॉवर बँकेचं नेमकं उलटं: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते.

एका गोष्टीची चुटपुट लागून राहिली. चांगीला ‘ज्युएल’ नावाच्या काचेच्या घुमटात चाळीस मीटर उंचीवरून पाणी पडतं, इमारतीच्या आत. बाईंना ते दाखवायचं फार मनात होतं. पण ते पासपोर्ट तपासणीच्या अलीकडे आहे. एकदा आत गेलं की संपलं. व्हीलचेअरच्या धावपळीत तो वेळ गेला. बाकी गटातली मंडळी नऊ टक्के जीएसटी परत घ्यायच्या मशीनपाशी होती. आमची तेवढी खरेदीच नव्हती.

विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. आतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जेवण आधी शाकाहारी सांगून ठेवलं होतं, ते मिळालं. सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर साडेपाच तासांत संपलं. बाईंना झोप लागली नाही, त्या खिडकीतून ढगच बघत होत्या. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मुंबई. इथं व्हीलचेअर दारातच उभी होती, चांगीच्या त्या मुलीनं पुढं कळवलं होतं. खुर्चीवाल्या मुलानं आम्हाला पासपोर्टच्या वेगळ्या रांगेतून काढलं, पट्ट्यावरून बॅगाही उचलून दिल्या. साडेचारला आम्ही बाहेर होतो.

सहल कंपनीची जबाबदारी इथं संपते. मुंबईच्या माणसासाठी मुंबई विमानतळ म्हणजे घर आलं. आमचं घर अजून सातशे किलोमीटर पुढं होतं. कंपनीनं पर्याय म्हणून समृद्धी महामार्गानं जाणारी रात्रीची स्लीपर बस सुचवली होती. जाताना आम्ही तशाच एका खासगी बसनं आलो होतो. रस्त्याला नाव ठेवायला जागा नाही. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, आणि पोटातलं पाणी हलत नाही. पण बसवाल्यानं खालची जागा सांगून वरची दिली, आणि संडासासाठी थांबा मागितला तर ‘पुढं हॉटेल आहे’ म्हणत दीड तास काढला. त्या दीड तासात बाईंनी पाण्याचा घोट घेतला नाही. मधुमेह नाही, पण वय आहे. मी तिथंच ठरवलं, परत येताना रेल्वे.

माझ्या बहिणीचा मुलगा डोंबिवलीला राहतो, तो घ्यायला आला होता. मी टॅक्सी बघत होते, तो म्हणाला, ‘मावशी, या वेळी टॅक्सीनं गेलीस तर गाडी हातची जाईल. मेट्रोनं जाऊ.’ मुंबईची तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला तिचं स्टेशन आहे आणि सीएसएमटीलाही आहे. मध्ये गाडी बदलायची गरज नाही. स्टेशनपर्यंत थोडं चालावं लागलं, बाई भाच्याचा दंड धरून आल्या. पुढं सगळीकडे लिफ्ट. गाडी गार, स्वच्छ, आणि एका मुलीनं बाईंना पाहून लगेच जागा दिली. बाई इकडे तिकडे बघून मला हळूच म्हणाल्या, ‘हे तं सिंगापूरसारखीच हाये वो, मास्तरीन!’ संध्याकाळच्या त्या गर्दीच्या वेळी पाऊण तासाच्या आत आम्ही सीएसएमटीला उतरलो. दहापैकी नऊ. एक गुण बॅगांसाठी कापते. दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारं माणूस असेल तर सोबत एक तरुण हात पाहिजेच.

आता विदर्भ एक्स्प्रेस. गाडी क्रमांक १२१०५, मुंबई ते गोंदिया. हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः हिच्यासाठी.

आधी तिकिटाचं सांगते, कारण अर्धी लढाई तिथं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. मी साठाव्या दिवशी सकाळी आठला नातवाला फोन घेऊन बसवलं होतं. आमच्या गटात नागपूर-वर्ध्याकडचे आणखी चौघे होते. त्यांचा आग्रह, सगळ्यांचं एकच तिकीट काढू. मी नाही म्हटलं. खालच्या बर्थचा जो राखीव कोटा असतो, साठ वर्षांवरच्या पुरुषांचा आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांचा, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागू होतो. सहा जणांचं एकत्र काढलं की कोटा गेला. आम्ही दोघींचं वेगळं काढलं, तो कोटा निवडला, आणि दोन्ही बर्थ खालचे, समोरासमोर. त्या चौघांत सत्तरीचे एक काका होते, त्यांना मधला बर्थ आला. रात्री टीसी साहेबांनी एका मुलाला विनंती करून त्यांना खालची जागा मिळवून दिली, हे त्यांचं चांगलंपण.

दुसरं, गाडी कुठून पकडायची. विमानतळाहून दादर किंवा ठाणं जवळ. सगळे तेच सांगतात. पण तिथं गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, आणि डबा पुढं आला की मागं या गोंधळात गुडघ्याच्या माणसाला पळवता येत नाही. सीएसएमटी हे सुटायचं ठिकाण. गाडी आधीच फलाटाला लागते. संध्याकाळी सातनंतर सुटणाऱ्या गाडीत आम्ही अर्धा तास आधी चढलो, बाई एकेक पायरी करत, मध्ये श्वास घेत. हमालदादांनी बॅगा बर्थखाली सरकवून दिल्या. भाच्यानं वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या आणि बाईंच्या पाया पडून तो निघाला.

कल्याण सुटलं आणि डब्यातली भाषा बदलली. मुंबईत चढलेली सगळी माणसं आता आपल्या आपल्या बोलीत फोनवर बोलायला लागली होती. ‘हो वो माय, बसलो गाडीत.’ ‘सकाळी उतरतो, गाडी घेऊन ये स्टेशनवर.’ समोरच्या मलकापूरच्या बाईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. त्यांनी एकदाच विचारलं, ‘घेता का?’ बाईंनी हात पुढं केला. सहा दिवस हॉटेलात काटे-चमच्यांच्या टेबलावर अर्धवट जेवलेली ही बाई, गाडीच्या बर्थवर मांडी जमत नाही म्हणून एक पाय लांब सोडून, भाकरीचा पापुद्रा काढून त्यात ठेचा भरून खात होती. पाहून माझ्याच घशाशी आलं. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत त्या दोघींनी पऱ्हाटी, बोंडअळी आणि वेचणीची मजुरी हे सगळं बोलून घेतलं होतं.

वातानुकूलित तिसऱ्या वर्गात चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं, ते धुतलेलं होतं. संडास रात्री नऊपर्यंत स्वच्छ, पहाटे बरा. दाराजवळची जागा असेल तर जाण्या-येण्याचा त्रास, आमची मधली होती. पण गारठा! सिंगापुरात घामानं अंग चिकट होत होतं आणि इथं डिसेंबरची रात्र, वरून डब्यातला गारवा. मी स्वेटर मोठ्या बॅगेच्या तळाशी घातले होते. ते हातातल्या पिशवीत ठेवा. एवढं माझं ऐका.

बाई झोपल्या. विमानात डोळ्याला डोळा लागला नव्हता, मेट्रोत जाग्या, आणि इथं नाशिकच्या आधीच घोरायला लागल्या. मला झोप नव्हती. पहाटे चारनंतर कधीतरी गाडी सावकाश झाली आणि डब्यात हालचाल सुरू झाली. काही माणसं उतरायला निघाली, काही नुसतीच उठून बसली. शेगाव आलं होतं. मी बाईंना उठवायचं की नाही या विचारात होते, तोवर त्या स्वतःच उठल्या. कुणी सांगितलं नाही, खिडकीतून काही दिसत नव्हतं, काचेवर धुकं जमलेलं. त्यांनी पदरानं काच पुसली, फलाटाच्या दिव्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. ‘गण गण गणात बोते’ एवढं पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, ‘सुखरूप आणलं महाराजांनी. झोप आता थोडी तू.’ आणि मला खरंच झोप लागली.

बडनेऱ्याला चहावाल्याच्या हाकेनं जागी झाले. धामणगावला गाडी फार थांबत नाही, म्हणून चांदूर गेलं की बॅगा दाराशी नेऊन ठेवाव्या लागतात. टीसी साहेबांनी आधीच येऊन सांगितलं, ‘माय, घाई करू नका, मी आहे दारात.’ ते खरोखर उभे राहिले. त्यांनी आणि वर्ध्याच्या एका पोरानं बाईंना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. सकाळी सातच्या सुमारास, उजाडत असताना, थंडीत आम्ही दोघी फलाटावर. विदर्भ एक्स्प्रेसला, त्या डब्याला आणि त्या टीसींना दहापैकी दहा.

शेवटचा टप्पा एसटीचा. पंचाहत्तरीच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. वाहकानं बाईंचं आधार कार्ड पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. बाईंनी ते बोर्डिंग पासच्या घडीत घालून बटव्यात ठेवलं. वाहकाला त्यांनी आपणहून सांगितलं, ‘सिंगापूरवरून येऊन रायलो बापा.’ त्यानं बॅगा स्वतः वर घेतल्या आणि गावाच्या फाट्यावर न थांबवता गाडी आमच्या घराच्या वळणापर्यंत आणली.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी घरी पोचलो. सुनेनं पायांवर पाणी घातलं, चहा टाकला. बाई ओसरीवर टेकल्याही नाहीत. भिंत धरत धरत त्या मागच्या खोलीत गेल्या, जिथं सहा दिवसांचा वेचलेला कापूस पडला होता. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढला, बोटांनी दाबून पाहिला आणि तिथूनच आवाज दिला, ‘पोरी, ओल हाये वो याच्यात अजून. उन्हात टाका आज.’